अंतराळातल्या पेठेचा पूर्वरंग

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या भोकरदनला आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी येऊन कुणी चौकात उभे राहिले, तर तासाभरात त्याला सगळा तालुका भेटतो. मिरचीची पोती, बकऱ्या, कटलरीवाले, चपला शिवणारे, सोयरीक जुळवायला आलेले मामा आणि बांधावरून कोर्टात गेलेले दोन भाऊ. कोर्टात एकमेकांचे तोंड न पाहणारे हे भाऊ बाजारात मात्र एकाच हॉटेलात चहा घेताना दिसतात. बोलत नाहीत, पण बसतात. बाजाराला एवढे जमते.

ही आजची गोष्ट नाही. भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांना ज्यांनी दान दिले, त्यांची नावे तेथे दगडावर कोरलेली आहेत. त्यांत भोगवर्धनच्या माणसांचाही उल्लेख आहे. १९७३ मध्ये येथे उत्खनन झाले. जमिनीखालून जे निघाले, त्यात हस्तिदंतात कोरलेल्या एका स्त्रीमूर्तीचा अवशेष होता. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेई येथे सापडली होती. पॉम्पेई हे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या पेठांचे धागे समुद्रापार पोहोचले होते. परका माणूस, परकी भाषा, परका देव यांची ओळख या मातीला जुनीच आहे.

हे सगळे आधी सांगण्याचे कारण असे, की आज ज्या मालिकेविषयी मी बोलणार आहे, तीही एका पेठेचीच गोष्ट आहे. फरक इतकाच, की ही पेठ अंतराळात आहे. मालिकेचे नाव 'बॅबिलॉन ५'. लेखक जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की. फेब्रुवारी १९९३ मध्ये अमेरिकेत तिचा चित्रपटाएवढा प्रास्ताविक भाग दाखवला गेला, आणि जानेवारी १९९४ पासून नियमित मालिका सुरू झाली. एकूण पाच पर्वे, ११० भाग. आज मी फक्त पहिल्या पर्वाबद्दल, म्हणजे १९९४ साली दाखवलेल्या २२ भागांबद्दल बोलणार आहे. पुष्कळ लोक या पहिल्या पर्वातच कंटाळून उठतात, आणि मला ते योग्य वाटत नाही.

प्रथम कथा कुठे घडते ते पाहू. काळ इ. स. २२५८ चा. माणूस दूरच्या ताऱ्यांपर्यंत पोहोचला आहे आणि इतर ग्रहांवरच्या बुद्धिमान जमातींशी त्याचा व्यवहार सुरू झाला आहे. दहा वर्षांपूर्वी मिनबारी नावाच्या जमातीशी माणसांचे युद्ध झाले आणि मानवजात जवळजवळ संपलीच होती. पुन्हा तसे होऊ नये म्हणून सर्वांनी एकत्र बसून बोलावे, व्यापार करावा, तंटे सोडवावेत, यासाठी एक स्थानक बांधले गेले. पहिली तीन स्थानके घातपाताने नष्ट झाली. चौथे तयार झाले आणि चोवीस तासांत नाहीसे झाले. कुठे गेले, कुणालाच कळले नाही. म्हणून हे पाचवे. सुमारे आठ किलोमीटर लांबीच्या या नळकांड्यात अडीच लाख जीव राहतात. त्यांत वकील आहेत, व्यापारी आहेत, चोर आहेत, साधू आहेत आणि खालच्या मजल्यांवर परतीच्या भाड्यालाही पैसे नसलेले कंगाल लोक आहेत.

आपल्या खऱ्याखुऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाशी याची तुलना करून पाहा. ते साधारण १०९ मीटर लांब आहे. नोव्हेंबर २००० पासून तेथे माणसांचा मुक्काम अखंड आहे, पण एरवी तेथे सातच माणसे असतात. आपले शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये तेथेच राहून आले. त्यांना तरंगताना आपण दूरचित्रवाणीवर पाहिले. बॅबिलॉनवर मात्र लोक जमिनीवर चालावे तसे चालतात. हे कसे?

जत्रेतला 'मौत का कुआँ' आठवा. मोटारसायकल वेगाने गोल फिरते तेव्हा ती उभ्या भिंतीला चिकटून राहते. त्याचप्रमाणे एखादे मोठे नळकांडे स्वतःभोवती फिरत ठेवले, तर आतला माणूस बाहेरच्या बाजूला दाबला जातो आणि नळकांड्याची आतली भिंत हीच त्याची जमीन होते. नळकांड्याची त्रिज्या ४५० मीटर असेल आणि ते ४३ सेकंदांत एक फेरी घेत असेल, तर आतल्या माणसाला पृथ्वीवर जाणवते तेवढेच वजन जाणवेल. हे गणित काल्पनिक नाही. अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओ'नील यांनी १९७४ मध्ये अशा फिरत्या वसाहतींची कल्पना गंभीरपणे मांडली होती. मालिकेने ती उचलली. स्थानकावरची लढाऊ यानेसुद्धा विमानासारखी वळसे घेत नाहीत. हवा नाही, तर पंखांना आधार कशाचा? ती पुढे जाता जाता जागच्या जागी तोंड फिरवतात आणि उलट्या दिशेने जात राहून मागच्यावर गोळीबार करतात. न्यूटनचा नियम पाळलेला पाहून शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकालाही बरे वाटेल.

ही सगळी दृश्ये संगणकावर तयार केली होती. त्या काळी लहान प्रतिकृती करून त्यांचे चित्रण करण्याची पद्धत होती. ते काम खर्चाचे असे. 'बॅबिलॉन'च्या मंडळींनी अमिगा नावाचे, घरात वापरता येतील असे संगणक घेतले आणि त्यांवर ताऱ्यांची लढाई उभी केली. प्रास्ताविक भागाला त्यासाठी एमी पुरस्कारही मिळाला. आज ती चित्रे जुनाट दिसतात, हे कबूल केले पाहिजे. काही नेपथ्य हलके आहे. सुरुवातीचे काही संवाद पाठ म्हणून दाखवल्यासारखे वाटतात. चार-पाच भाग सरळसरळ कमी ताकदीचे आहेत. तरीही हे पर्व का पाहावे, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर मला कीर्तनात सापडले. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात, पूर्वरंग आणि उत्तररंग. पूर्वरंगात बुवा अभंग घेतात आणि त्यावर निरूपण करतात. उत्तररंगात आख्यान लागते. लहानपणी आम्ही पूर्वरंगात पेंगायचो आणि आख्यान लागले की डोळे चोळत उठायचो. मोठेपणी कळले, की आख्यानात डोळ्यांत पाणी येते ते पूर्वरंगातल्या एखाद्या शब्दामुळे. तो शब्द आधी कानावरून गेला नसेल, तर आख्यान ही नुसती घटना उरते. 'बॅबिलॉन ५'चे पहिले पर्व हा असा पूर्वरंग आहे.

त्या काळापर्यंत अमेरिकेतल्या अंतराळ मालिकांची पद्धत निराळी होती. आपल्याकडे १९८०च्या दशकात दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचे, दशकाच्या अखेरीस 'स्पेस सिटी सिग्मा' ही हिंदी मालिकाही आली. ज्यांनी 'स्टार ट्रेक' पाहिले, त्यांना आठवत असेल, की दर भागात यान नव्या ग्रहावर जायचे, संकट यायचे, संकट टळायचे. पुढच्या भागात सगळे जसेच्या तसे. कालच्या मरणाचा आज कुणाला पत्ता नसायचा. स्ट्रॅझिन्स्की यांनी ठरवले, की पाच वर्षांची एकच कादंबरी दूरचित्रवाणीवर सांगायची. तिला सुरुवात, मध्य आणि शेवट असेल, आणि शेवट आधीच ठरलेला असेल. ११० पैकी ९२ भाग त्यांनी एकट्याने लिहिले. आज आपल्या घराघरांत ज्या मालिका चालतात, त्यांचे नेमके उलट आहे. लोक पाहतात तोवर गोष्ट ताणायची, पाहायचे थांबले की गुंडाळायची. पेरताना पीक कोणते हे ठाऊक नसले की असे होते.

मग पहिल्या पर्वात काय पेरले आहे? तीन-चार ठिकाणे दाखवतो.

पहिल्याच भागात दोन वकील भेटतात. लाँडो मोलारी हा सेंटॉरी साम्राज्याचा. साम्राज्य कसले, उतरती कळा लागलेले संस्थान. लाँडो दारू पितो, जुगार खेळतो, आजोबांच्या काळातल्या वैभवाच्या गोष्टी सांगतो. आपण त्याला हसतो. दुसरा जकार, नार्न जमातीचा. नार्न लोक सेंटॉरींच्या गुलामीत होते, लढून स्वतंत्र झाले आणि आता सूड शोधत आहेत. जकार कपटी वाटतो, आपल्याला तो आवडत नाही. याच भागात लाँडो एका स्वप्नाविषयी बोलतो. आपले मरण त्याला दिसलेले आहे. म्हातारपणी तो आणि जकार एकमेकांचा गळा आवळून मरणार आहेत. पहिल्याच भागात शेवट सांगून टाकला! आपल्याला याचे नवल वाटू नये. महाभारतात काय होणार हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, तरी १९८८ पासून रविवारी सकाळी रस्ते ओस पडत होतेच. काय होणार यापेक्षा कसे होणार, हे पाहणे मोठे असते. पुढच्या पर्वांत याच हसऱ्या लाँडोची भीती वाटू लागते आणि याच जकारपुढे मान झुकवावीशी वाटते. पण पहिल्या पर्वात त्या दोघांबरोबर बसलेलो नसलो, तर हा पालट कळत नाही.

तेराव्या भागात मॉर्डन नावाचा एक साधा, सुटातला, हसतमुख माणूस येतो. तो वकिलांना गाठतो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो : तुला काय हवे आहे? जकार म्हणतो, सूड. सेंटॉरींचा नाश. त्यानंतर काय, असे विचारल्यावर त्याला नीट सांगता येत नाही. आपले घर सुरक्षित राहिले म्हणजे झाले, असे काहीसे म्हणतो. मॉर्डन आभार मानून निघून जातो. डेलेन ही मिनबारींची वकील त्याला पाहूनच हादरते आणि घालवून देते. लाँडो आधी त्याला टाळतो. मग चिडून मनातले बोलून टाकतो : आमचे गेलेले सगळे वैभव परत हवे, पूर्वी होते तसे. मॉर्डनला हवे होते ते उत्तर मिळाले. पर्वाच्या शेवटच्या भागात त्या उत्तराची पहिली किंमत दहा हजार नार्न जिवांनी चुकती होते. लाँडोने कुणाला मारायला सांगितले नव्हते. एक अडचण दूर व्हावी, एवढेच तो म्हणाला होता. गेलेले वैभव परत आणण्याचे वचन देणारी माणसे जगात सगळीकडे भेटतात. त्यांचे ऐकताना मला हा भाग हटकून आठवतो.

तिसरे ठिकाण स्थानकाच्या कमांडरचे. जेफ्री सिंक्लेअर हा मिनबारी युद्धातला शिपाई. पृथ्वीच्या दारात शेवटची लढाई झाली, माणसे हरणारच होती, आणि विजय हातात असताना मिनबारींनी अचानक शरणागती पत्करली. का? कुणाला माहीत नाही. सिंक्लेअरच्या आठवणीतले त्या लढाईचे चोवीस तास पुसले गेले आहेत. या कोड्याचे उत्तर पुढे मिळते, आणि त्यात आत्मा व पुनर्जन्म यांचा मोठा भाग आहे. अमेरिकन प्रेक्षकाला ती कल्पना नवी वाटली असेल. आपल्याला ती घरची वाटते. उत्तर मी सांगत नाही, पाहणाऱ्याचा आनंद जाईल. पर्वाच्या अखेरीकडे ते हरवलेले चौथे स्थानकही एकदा दिसते आणि पुन्हा नाहीसे होते, एवढे ध्यानात ठेवा.

या मोठ्या धाग्यांच्या मधे रोजच्या जगण्याचे भाग आहेत, आणि भोकरदनसारख्या पेठेच्या गावातल्या माणसाला ते अधिक भावतील. एका भागात स्थानकावरचे गोदी कामगार संप करतात. माणसे कमी, यंत्रे जुनी, अपघातात एक हमाल मरतो. वरून हुकूम येतो, की संप मोडण्यासाठी वाटेल तो उपाय करा. सिंक्लेअर हुकूम शब्दशः पाळतो. लष्करी खर्चातली रक्कम काढून तो गोदीला देतो आणि संप मिटवतो. वाटेल तो उपाय करा, असे तुम्हीच म्हणालात ना! आपल्याकडे माथाडी कामगारांसाठी १९६९ मध्ये कायदा झाला, तो कोणत्या दुखण्यातून झाला हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा भाग समजावून सांगावा लागणार नाही.

दुसऱ्या एका भागात आजारी मुलाचे आईवडील शस्त्रक्रियेला नकार देतात. शरीर चिरले की आत्मा निघून जातो, अशी त्यांची श्रद्धा. कमांडर त्यांच्या हक्काचा मान राखतो. डॉक्टर मात्र ऐकत नाही, शस्त्रक्रिया करतो, मुलगा वाचतो. आणि आईवडील, आपला मुलगा आता उरलाच नाही असे मानून, त्याच्या देहाचा शेवट करतात. कोण बरोबर होते, हे मालिका सांगत नाही. पाहून झाल्यावर आमच्या घरात तासभर वाद झाला.

आणखी एका भागात प्रत्येक जमातीने आपला धर्म इतरांना दाखवायचा असतो. सगळ्यांचे विधी होतात. पृथ्वीचा धर्म कोणता दाखवायचा? सिंक्लेअर पाहुण्यांना एका दालनात नेतो. तेथे माणसे रांगेत उभी आहेत. पहिला नास्तिक, मग कॅथलिक पाद्री, झेन बौद्ध, मुसलमान, ज्यू, आणि रांग संपतच नाही. कसलेही भाषण नाही. तो फक्त एकेकाची ओळख करून देत चालत राहतो.

डेलेनची भूमिका करणाऱ्या मीरा फुर्लान मूळच्या युगोस्लाव्हियाच्या, झाग्रेबच्या. देश फुटू लागला तेव्हा त्या दोन्ही बाजूंच्या रंगभूमीवर काम करत होत्या. कोणतीच बाजू निवडत नाहीत म्हणून त्यांच्यावर गरळ ओकली गेली, आणि १९९१ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. दोन वर्षांनी त्या या मालिकेत शांततेसाठी धडपडणाऱ्या वकिलाच्या रूपात उभ्या राहिल्या. २०२१ मध्ये त्या गेल्या.

सिंक्लेअरची गोष्ट मात्र पडद्याबाहेरही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय या पर्वाविषयी बोलणे अपुरे राहील. पहिले पर्व संपले आणि ही भूमिका करणारे मायकेल ओ'हेअर मालिकेतून निघून गेले. दुसऱ्या पर्वात नवा कमांडर आला. लोकांनी तर्क केले. कुणी म्हणाले काढून टाकले, कुणी म्हणाले अभिनय जमत नव्हता. स्ट्रॅझिन्स्की गप्प राहिले. सप्टेंबर २०१२ मध्ये ओ'हेअर वारले. त्यानंतर २०१३ मध्ये स्ट्रॅझिन्स्की यांनी सांगितले, की पहिल्या पर्वाचे चित्रण चालू असतानाच ओ'हेअर यांना गंभीर मानसिक आजाराने गाठले होते. त्यांना भास होत. उपचारांसाठी चित्रण काही महिने थांबवण्याची तयारी लेखकाने दाखवली. पण मालिका थांबली तर ती बंद पडेल आणि एवढ्या माणसांची नोकरी जाईल, म्हणून ओ'हेअर यांनी पर्व पुरे करायचे ठरवले आणि पुरे केले. पुढे बरे वाटल्यावर ते मोजक्या भागांसाठी परतले आणि सिंक्लेअरची कथा तडीस गेली. हे गुपित मी मरेपर्यंत जपीन, असे लेखक म्हणाले होते. त्यावर ओ'हेअर यांचे म्हणणे पडले, की तुझ्या नव्हे, माझ्या मरणापर्यंत जप. नंतर लोकांना कळू दे, कुणाला तरी उपयोग होईल.

हे कळल्यावर मी पहिले पर्व पुन्हा पाहिले. ज्या अभिनयाला मी स्वतः ताठर म्हणालो होतो, तो पाहताना या वेळी माझी मलाच लाज वाटली. एक माणूस मनात काय चालले आहे ते बाहेर दिसू न देता रोज उभा राहत होता. आपल्या गावांतूनही अशी माणसे असतात. वेड लागले, बाहेरचे झाले, असे म्हणून आपण त्यांना कोपऱ्यात बसवतो. दवाखान्यात न्यायला लाजतो. त्या माणसाने आजार लपवला तो सहकाऱ्यांच्या पोटासाठी, आणि उघड करायला सांगितला तो परक्यांच्या भल्यासाठी.

डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ पासून आपल्याला मराठीतून विज्ञानकथा वाचायला शिकवले. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. आपल्याकडची विज्ञानकथा मुख्यतः लघुकथेत फुलली. पोथीसारखी लांबलचक, अध्यायामागून अध्याय पुढे जाणारी विज्ञानकथा आपल्या पडद्यावर अजून यायची आहे. २०३५ पर्यंत भारताचे स्वतःचे अंतराळ स्थानक उभारण्याचा बेत आहे. ते उभे राहील तेव्हा त्याची गोष्ट सांगणारा एखादा मुलगा किंवा मुलगी कदाचित आज आपल्याच तालुक्यातल्या शाळेत बसलेली असेल.

तोवर ही मालिका कुठे मिळाली तर जरूर पाहा. घरात मुले असतील तर त्यांना बरोबर घ्या. इंग्रजी अवघड वाटले तर थांबवून एकमेकांना विचारा. पहिले चार-सहा भाग जड गेले तरी घाई करू नका. पूर्वरंग चालू आहे, बसून राहा.